तारे पाहायला हिंगण्यापासून किती दूर जावे?

वर्गात आकाशाचा धडा सुरू झाला, की कोणीतरी हात वर करतो आणि विचारतो, "गुरुजी, हे सगळे तारे पाहायला कोठे जायचे?" हिंगण्यासारख्या गावातून हा प्रश्न यावा, याचे मला प्रथम नवल वाटले. शेताला लागून असलेल्या घरातल्या मुलाने तारे कोठे दिसतात असे विचारावे, हे नदीकाठच्या मुलाने पाणी कोठे मिळते असे विचारण्यासारखेच आहे. पण एकदा रात्री वेणा नदीच्या पुलावर उभे राहून ईशान्येकडे पाहिले आणि प्रश्न योग्यच आहे हे पटले. नागपूरच्या दिशेचे आकाश अर्ध्या उंचीपर्यंत फिकट पांढरे झालेले होते. त्या भागात मोजून सात-आठ तारे दिसत होते.

या प्रश्नाला साधारणपणे दोन उत्तरे दिली जातात. एक, पेंचला जा. दोन, दुर्बीण घ्या. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. पेंचला वर्षातून एकदा सहल जाईल. आकाश मात्र वर्षभर बदलत असते. आणि उजळलेल्या आकाशाखाली दुर्बीण लावली, तर ती तो उजेडही गोळा करते. माझे मत असे, की हिंगण्याच्या विद्यार्थ्याला तारे पाहण्याची पहिली जागा सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर मिळू शकते. मात्र ती नीट पारखून निवडली पाहिजे, आणि निवडल्यावर सांभाळली पाहिजे. हे कसे, ते आता पाहू.

आकाश उजळते कसे?

दिव्यांचा त्रास दोन प्रकारचा असतो, आणि या दोन प्रकारांची गल्लत केल्यामुळे पुष्कळ जण उगाच दूर जातात.

पहिला प्रकार म्हणजे डोळ्यांत थेट शिरणारा उजेड. समोरच्या खांबावरचा दिवा, शेजारच्या गच्चीवरचा हॅलोजन, रस्त्याने येणाऱ्या ट्रकचे दिवे. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी दिवसाच्या उजेडात व रंग पाहण्यासाठी काम करतात; दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात. दंडपेशींतील ऱ्होडॉप्सिन नावाचे द्रव्य प्रखर उजेडात विघटन पावते आणि अंधारात पुन्हा हळूहळू तयार होते. त्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून घरातून बाहेर येताच वर पाहून "आज काही दिसत नाही" असे म्हणणाऱ्याने खरे म्हणजे अजून पाहिलेलेच नसते. अर्धा तास अंधारात बसल्यावर मोबाईल एकदा जरी उघडला, तरी तो अर्धा तास वाया जातो. या पहिल्या त्रासावरचा उपाय मात्र सोपा आहे. एक भिंत, गंजी, किंवा चिंचेचे मोठे झाड आपल्या आणि दिव्याच्या मध्ये आले, की काम झाले.

दुसरा प्रकार म्हणजे खुद्द आकाशाला आलेली झळाळी. वर गेलेला उजेड हवेतील रेणूंवर, धुळीच्या व धुराच्या कणांवर आदळून चहूकडे विखुरतो. त्यातला काही परत खाली येतो. जणू आपल्यावर एक उजळ पडदा ताणला जातो आणि त्यापेक्षा मंद असलेले तारे त्यात बुडून जातात. या झळाळीला भिंत उपयोगी पडत नाही. तिच्यापासून दूरच जावे लागते.

किती दूर? मर्ल वॉकर या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९७७ साली गावांच्या उजेडाची मोजमापे घेऊन एक अडाखा दिला. शहरापासूनचे अंतर वाढवले, की शहराच्या बाजूची झळाळी अंतराच्या अडीचाव्या घाताने कमी होते. म्हणजे अंतर दुप्पट केले, की झळाळी निम्मी होते असे नाही. ती साडेपाच पटींहून अधिक कमी होते. आता हे हिंगण्याला लावून पाहा. सीताबर्डीपासून हिंगणा ढोबळमानाने सोळा-सतरा किलोमीटर. तुम्ही नागपूरकडे पाठ करून आणखी तेवढेच अंतर गेलात, तर शहराची झळाळी जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येईल. त्यापुढे शंभर किलोमीटर गेल्याने फायदा होतोच, पण पहिल्या पंधरा किलोमीटरांत जेवढी मिळकत होते, तेवढी पुढच्या पंधरांत होत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्या-पिवळ्या प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक विखुरतात. दिवसा आकाश निळे दिसते ते यामुळेच. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्याच्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. पांढऱ्या एलईडी दिव्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश पुष्कळ असतो. विखुरणे हे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. गणित करून पाहा : निळा भाग पिवळ्याच्या जवळजवळ तिप्पट विखुरला जातो. एलईडी दिव्याने वीज वाचते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तोच दिवा फार पांढरा आणि वर तोंड केलेला असेल, तर वाचलेल्या विजेची किंमत आकाश मोजते.

हिंगण्याच्या आठ दिशा

आता तालुक्याचा नकाशा पुढे घ्या आणि त्यावर उजेडाच्या जागा खुणा करून दाखवा. हा उपक्रम वर्गात तासाभरात होतो.

ईशान्येला नागपूर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या चोवीस लाखांवर होती. हिंगणा आणि नागपूर यांच्या मध्ये औद्योगिक वसाहत, वानाडोंगरी, डिगडोह ही वस्ती सलग झाली आहे. २०२० साली मेट्रोही हिंगणा मार्गावरील लोकमान्य नगरपर्यंत आली. उत्तरेला वाडी. पूर्वेला विमानतळ व मिहान. दक्षिणेला बुटीबोरीची औद्योगिक वसाहत. म्हणजे हिंगणा गावात उभे राहिले, तर उत्तर, ईशान्य, पूर्व आणि दक्षिण या चारही बाजू उजळ. उरली ती नैऋत्य आणि पश्चिम. नैऋत्येला कान्होलीबाऱ्याकडचा भाग, आणि त्याच्याही पलीकडे वर्धा जिल्ह्यातील बोर अभयारण्याचे जंगल. जंगलाला रस्त्यावरचे दिवे नसतात. आपला अंधार त्या बाजूला आहे.

ही दिशा आपल्याला योगायोगाने फार सोयीची पडली आहे. पावसाळा संपला, की ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी साडेसातच्या सुमारास धनु रास नैऋत्येला मावळतीकडे झुकलेली असते. आपल्या आकाशगंगेचे केंद्र त्याच बाजूला आहे. म्हणजे आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा आपल्या सर्वांत काळोख्या बाजूला उतरतो. नागपूरच्या पूर्वेकडील गावांना हा लाभ नाही. त्यांना त्याच दिशेला शहराची झळाळी आडवी येते.

दक्षिण बाजूचा मात्र विचार केला पाहिजे. हिंगण्याचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर. ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून २१ अंशांवरच दिसतो. त्याची भरपाई म्हणून दक्षिणेचे पुष्कळ तारे आपल्याला दिसतात. युरोपातील बहुतेक मुलांना ते दिसत नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य दक्षिणेला सुमारे १६ अंश उंचीवर येतो. मे महिन्याच्या मध्यास रात्री नऊ-सव्वानऊला त्रिशंकूचे चार तारे सर्वोच्च स्थानी येतात, आणि त्यांतील सर्वांत खालचा तारा क्षितिजापासून जेमतेम सहा अंशांवर असतो. त्यानंतर तासाभराने नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २१ अंशांच्या उंचीवर येतो. नुसत्या डोळ्यांना तो धुरकट ताऱ्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तेथे सुमारे एक कोटी तारे आहेत. हिंगणा गावातून हे सारे बुटीबोरीच्या उजेडावर पाहावे लागते. पण तुम्ही नैऋत्येला सरकलात, की बुटीबोरी तुमच्या पूर्वेकडे जाते आणि दक्षिण बाजू मोकळी होते. म्हणून दिशेचा विचार अंतरापेक्षा आधी करावा, असे माझे सांगणे आहे.

जागा कशी असावी?

तिथे पोहोचल्यावर धरणाचा काठ किंवा टेकडीचा माथा शोधण्याचा मोह होतो. मी तो सल्ला देणार नाही. उंचावरून क्षितिज मोकळे दिसते हे खरे, पण दूरचे सगळे दिवेही दिसतात. शिवाय हा मुलूख वाघ-बिबट्यांच्या वाटेवरचा आहे. रात्री जंगलात विनापरवाना जाणे हा गुन्हा आहे आणि धरणाच्या पाण्याजवळ अंधारात वावरणे हा वेडेपणा आहे. तारे कोठे पळून जात नाहीत. आपणच सुखरूप राहिले पाहिजे.

माझ्या मते सर्वांत चांगली जागा म्हणजे गावाबाहेरचे ओळखीच्या शेतकऱ्याचे खळे, किंवा लहान गावातील शाळेचे पटांगण. जमीन साफ व कोरडी असावी, म्हणजे साप-विंचू दिसतो. दक्षिण आणि पश्चिम बाजूंना झाडे कमी असावीत. गावाच्या दिशेला मात्र भिंत किंवा गोठा असला तर उत्तमच, कारण तोच थेट उजेड अडवतो. रस्त्याच्या वळणासमोरची जागा टाळा. वळणारे वाहन दर दोन मिनिटांनी डोळे दिपवील. शेतमालकाची परवानगी, बरोबर शिक्षक किंवा पालक, आणि घरी परतण्याची ठरलेली वेळ या तीन गोष्टींवाचून निघूच नका. विजेरीच्या काचेवर संक्रांतीच्या पतंगाचा लाल कागद दुहेरी करून रबराने बांधा. तांबड्या उजेडाने दंडपेशी फारशा बिघडत नाहीत, आणि नकाशाही वाचता येतो.

वेळ निवडताना अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस धरा. दिवाळीची अमावास्या मात्र सोडा. फटाक्यांच्या धुराने त्या आठवड्यात आकाश मळलेले असते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपल्याकडे सर्वांत चांगला. एप्रिल-मे मध्ये आकाश निरभ्र असते, पण धुळीमुळे क्षितिजाकडचा भाग धुरकट होतो. त्रिशंकू पाहायचा असेल, तर वळवाचा पाऊस पडून गेल्यानंतरची स्वच्छ रात्र साधावी.

जागेची परीक्षा

एखादी जागा चांगली आहे, हे कसे ठरवायचे? "खूप तारे दिसले" हे उत्तर विज्ञानाच्या वहीत चालणार नाही. जे मोजता येते तेच लिहावे. त्यासाठी मी तीन परीक्षा सुचवतो. एकीलाही पैसे पडत नाहीत.

पहिली परीक्षा कृत्तिकांची. जानेवारीच्या मध्यास रात्री साडेआठच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर असतात. डोक्यावरचे आकाश हे नेहमी सर्वांत काळोखे असते, म्हणून ही जागेची एकूण परीक्षा झाली. अर्धा तास अंधारात बसून मग कृत्तिकांतले तारे मोजा. सर्वांत तेजस्वी तारा सुमारे २.९ प्रतीचा, सहावा ४.३ प्रतीचा आणि सातवा ५.१ प्रतीचा आहे. प्रत जितकी मोठी, तितका तारा मंद, हे तुम्हांला ठाऊक आहेच. चारच दिसले, तर जागा सामान्य. सहा दिसले, तर बरी. सात किंवा अधिक दिसले, तर जागा उत्तम, आणि तुमचे डोळेही.

दुसरी परीक्षा ईशान्येची. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊला सप्तर्षींचा चौकोन ईशान्येला वर आलेला असतो. त्याच्या चार ताऱ्यांपैकी शेपटीला जोडलेला तारा सर्वांत मंद, ३.३ प्रतीचा असतो. तो नागपूरच्या झळाळीतून दिसतो का, हे पाहा. हिंगणा गावात तो किती वाजता दिसू लागला आणि खळ्यावरून किती वाजता, याची नोंद ठेवली, की वॉकरचा अडाखा तुमच्याच वहीत उतरेल.

तिसरी परीक्षा देवयानीची. नोव्हेंबरच्या मध्यास रात्री नऊ-साडेनऊला देवयानी दीर्घिका उत्तरेला सुमारे ७० अंश उंचीवर असते. ती नुसत्या डोळ्यांनी दिसली, म्हणजे एक मंद, लांबट ढगासारखा ठिपका दिसला, तर त्या जागेबद्दल शंका उरत नाही. सरळ रोखून पाहू नका, किंचित बाजूला पाहा. दंडपेशी पडद्याच्या मधोमध नसून कडेला दाट असतात. त्या ठिपक्यातून निघालेला प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षे प्रवास करून तुमच्या डोळ्यांत पोहोचतो. एवढी वाट चालून आलेला प्रकाश शेवटच्या काही किलोमीटरांत आपल्याच दिव्यांनी बुडवावा, हे बरे नव्हे.

या परीक्षांमागचे एकूण चित्र असे. तिसऱ्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसणाऱ्या शहरी आकाशात एका वेळी शंभराच्या आतच तारे असतात. सहाव्या प्रतीपर्यंत दिसणाऱ्या आकाशात अडीच हजारांच्या आसपास असतात. अंधार कमी झाला, की दर पंचवीस ताऱ्यांतले चोवीस जातात.

"पण दिवे हवेतच ना?"

येथे तुमच्यातील कोणी, विशेषतः मुली, म्हणतील, "गुरुजी, तुम्हांला अंधार हवा, पण आम्हांला शिकवणीहून परत यायचे असते." हा आक्षेप खोटा नाही. रात्रपाळीला जाणारा कामगार, उशिरा घरी येणारी परिचारिका, अंधारात पाय टाकणारी म्हातारी माणसे, यांना उजेड हवाच. तारे पाहणाऱ्यांनी त्यांना अंधारात चाला म्हणणे, हे मला मुळीच मान्य नाही.

पण उजेड कोठे हवा? रस्त्यावर. गोल काचेच्या उघड्या दिव्याचा निम्म्याच्या आसपास उजेड क्षितिजाच्या वर जातो. तेथे कोणी चालत नाही. तिरपा लावलेला दिवा तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि दिव्यामागे कोण उभे आहे हे त्याला दिसत नाही. ज्या दिव्याने डोळे दिपतात, तो सुरक्षिततेचाही दिवा नव्हे.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावात आम्ही शाळेच्या पटांगणात आकाशदर्शन ठेवले होते. पटांगणासमोरच्या दुकानावर एक मोठा उघडा दिवा होता. मुलांना कृत्तिकांत चारच तारे दिसले. दुसऱ्या दिवशी दोन विद्यार्थी दुकानदारांकडे गेले. दिवा बंद करा असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी तेलाच्या रिकाम्या पिप्याचा पत्रा कापून, आतून पांढरा रंग देऊन, एक टोपी करून नेली होती. "काका, ही लावून पाहा. नाही आवडली तर काढून टाका," एवढेच ते म्हणाले. टोपी लागली. पूर्वी समोरच्या भिंतीवर आणि आकाशात जाणारा उजेड आता दुकानाच्या पायरीवर पडू लागला. काकांनी ती टोपी काढली नाही. पुढच्या अमावास्येला त्याच पटांगणातून मुलांनी सहा कृत्तिका मोजल्या.

हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. आशियातील ते पाचवे. तेथे वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड असलेले बसविण्यात आले. लक्षात घ्या, त्या गावांतला उजेड काढून टाकलेला नाही. रस्ते उजळच राहिले. फक्त आकाशाला लागलेला उजेड थांबला. पेंचला जाऊन तारे जरूर पाहा, पण परत येताना ते दिवे अधिक बारकाईने पाहून या. त्या सहलीतून घरी आणण्यासारखी वस्तू तीच आहे.

आताच का?

२०२३ च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. जगभरच्या सामान्य नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी असे दाखवले, की रात्रीचे आकाश दर वर्षी सरासरी सुमारे दहा टक्क्यांनी उजळत आहे. या वेगाने, जन्मताना २५० तारे दिसणाऱ्या गावातील मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत तेथे शंभरच तारे उरतील. या नोंदींपैकी बहुतेक युरोप व उत्तर अमेरिकेतल्या आहेत. म्हणजे हिंगण्याच्या शाळेतली वही जगाच्या दृष्टीनेही कामाची ठरू शकते.

आणि आपला तालुका झपाट्याने बदलत आहे. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातील शिवमडक्यापासून सुरू होतो. त्याचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हिंगणा तालुक्यातील गोधणी (रिठी) व लाडगाव (रिठी) या भागात 'नवीन नागपूर' वसविण्यास मान्यता दिली. रोजगार येईल, रस्ते होतील; त्याला कोणी विरोध करण्याचे कारण नाही. पण नव्या वस्तीचे दिवे जेव्हा कागदावर असतात, तेव्हाच ते कोणत्या जातीचे असावेत हे सांगायला सोपे असते. खांब उभे राहिल्यावर प्रत्येकाला टोपी शिवत बसावे लागते. नगरपंचायतीकडे, ग्रामसभेकडे विद्यार्थ्यांनी एक साधा अर्ज द्यावा : नवे दिवे खाली तोंडाचे, पिवळसर प्रकाशाचे आणि गरजेपुरते असावेत. सोबत आपल्या नोंदींची वही जोडावी. आकडे जोडलेला अर्ज बाजूला सारणे अवघड जाते.

आकाश गेले तर काय बिघडते, असेही कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एका शेतकऱ्याने दिलेले आहे. जानेवारीतल्या एका रात्री, गव्हाला पाणी देत असलेल्या त्या वृद्ध गृहस्थांना मी वेळ विचारली. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हते. उत्तरेकडे बोट करून ते म्हणाले, "गुरुजी, बाज पुरी वर चढली का समजा चार वाजले जी." बाज म्हणजे सप्तर्षी. मी खिशातला मोबाईल पाहिला. चाराला दहा मिनिटे होती. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंड वस्त्यांत जाऊन तेथील ताऱ्यांच्या कथा गोळा केल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध केल्या. त्यांतही सप्तर्षींच्या चौकोनाला बाज आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांना ती चोरणारे चोर म्हटले आहे. हे ज्ञान पुस्तकात उतरले, हे चांगले झाले. पण ज्या मुलाला बाजच दिसत नाही, त्याला आजोबा ही गोष्ट कशाच्या आधारे सांगतील?

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे, की येत्या अमावास्येला शाळेची एक वही या कामी काढावी. पहिल्या पानावर तालुक्याचा नकाशा, त्यावर उजेडाच्या आणि अंधाराच्या जागा. पुढच्या पानांवर दर महिन्याची नोंद : तारीख, वेळ, जागा, हवामान, मोजलेले तारे आणि मोजणाऱ्याचे नाव. तीन-चार जागा ठरवून त्याच पुनःपुन्हा पाहाव्यात. दर वेळी नवी जागा शोधली, तर तुलना होत नाही. दहावीची मुले गेली, की वही आठवीच्या मुलांकडे द्यावी.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आज रात्री जेवण झाल्यावर घराबाहेर या, दिव्याकडे पाठ करा, भिंतीच्या सावलीत अर्धा तास बसा आणि डोक्यावरचे तारे मोजा. जो आकडा येईल तो खरा लिहा. लहान आला तरी लाजू नका. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून तो वाढलेला दिसावा, यासाठी काय करायचे ते तुम्हांला आता ठाऊक आहे.